सरदारांची तपकिरी घोडी

“कुकर माझ्या गाडीत, खुर्च्या व्हॅनमध्ये, हत्तीचा पाट मागच्या सीटवर आडवा. आणि केतकीला कुणाच्या गाडीत टाकायचं?”

“टाका कुठंही. ती कुठं काय बोलते!”

दोन्ही वाक्यं चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातून आली. मंडळानं भोंडल्यासाठी ते तळघर भाड्यानं घेतलं होतं. खिरापत ओळखून झाली होती, फेर धरून पाय दुखले होते. मी बाहेर कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, घडीच्या खुर्चीच्या कडेला बसले होते. पहिलं वाक्य नलूमावशींचं. आमच्या मंडळात तेव्हा पंचवीसेक घरं असतील, आणि कार्यक्रम संपल्यावर कोणती वस्तू आणि कोणतं माणूस कुणाच्या गाडीतून जाईल हे नलूमावशी ठरवायच्या. दुसरं वाक्य माझ्या वहिनीचं. दोघीही मायेनंच बोलत होत्या. दादा-वहिनीला त्या रात्री दुसरीकडे जायचं होतं, एवढंच. तरी हत्तीला जागा मिळाली होती आणि मला अजून मिळाली नव्हती, हे माझ्या लक्षात राहिलं.

आज सकाळी विंडशील्डवर मेपलची चार पानं चिकटलेली दिसली आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. दर वर्षी असंच होतं. इथं या ऋतूला सगळे फॉल म्हणतात, मराठी बोलतानासुद्धा. नॉर्थ कॅरोलायनातला फॉल काही कॅलेंडरवरच्या चित्रासारखा भडक नसतो. तो उशिरा येतो, सावकाश येतो, आणि येताना वाळलेल्या तंबाखूचा गोडसर, उबदार वास घेऊन येतो. लोक म्हणतात आता इथं सगळ्या संशोधनाच्या कंपन्या येणार, वखारी जाणार. जातीलही. पण तो वास आला की मला अजून क्लच आठवतो.

राइड. हा शब्द इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकले. पुण्यात सायकल होती, कॉन्व्हेंटची वाट पाठ होती, घरी कधी जायचं हे माझं मी ठरवत असे. इथं दादा-वहिनीकडे आल्यावर ते गेलं. राइडवाल्या माणसाला पहिल्या दिवसापासून काही गोष्टी आपोआप समजतात. खिडकी उघडायची नाही. कॅसेट कुठलीही लागो, छान आहे म्हणायचं. यजमानांचा तिसरा चहा होईपर्यंत कोट घालून बसायचं, पण निघायची घाई आहे असं दिसू द्यायचं नाही. ज्यांच्या गाडीत बसायचं त्यांच्या विनोदाला हसायचं. मी मुळातच कमी बोलणारी. राइडनं माझं उरलंसुरलं बोलणंही काढून घेतलं. दोन वर्षांत मी सगळ्यांच्या गाड्यांच्या मागच्या सीटवरून सगळ्यांची डोकी बघितली. कोण घरी जाताना भांडतं, कोण गप्प होतं, कोण पार्टीतल्या माणसांच्या नकला करतं, सगळं मला माहीत होतं. माझ्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं.

हेही नव्हतं की माझं एम.एस. संपल्यावर एका प्रयोगशाळेनं मला नोकरी देऊ केली होती. घरापासून अठरा मैल, बस नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं. फोनवरच्या बाईंनी शेवटी सहज विचारलं होतं, “येण्याजाण्यासाठी गाडीची सोय आहे ना?” आणि मी, जी पाण्याचा ग्लास मागायलाही दोनदा विचार करते, ती एका क्षणात “येस” म्हणाले होते. दादा-वहिनीची ऑफिसं विरुद्ध दिशेला. दादानं उन्हाळ्यात दोन रविवार मला शिकवून पाहिलं. तो “ब्रेक! ब्रेक!” ओरडला, मी ॲक्सेलरेटर दाबला, शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी झाली. त्यानंतर वहिनी म्हणाली, “राहू दे गं. आम्ही आहोत ना सोडायला.” त्या “आहोत ना” मध्ये सगळं प्रेम होतं आणि माझी नोकरी बुडत होती.

भोंडल्याच्या रात्री शेवटी नलूमावशींनी मला वसंतकाकांच्या गाडीत टाकलं.

वसंतकाका आमच्या रस्त्याच्या टोकाला एकटेच राहायचे. साठच्या दशकात आलेले इंजिनीअर, नुकतेच रिटायर झालेले. काकू गेल्याला तीन वर्षं झाली होती. मंडळात त्यांची ख्याती अशी की त्यांना कुठलाही विषय द्या, पाच मिनिटांत ते अठराव्या शतकात पोचतात. त्यांच्या गावात, भीमेच्या काठी, एका घोडदळाच्या सेनापतीची पडकी समाधी आहे. लहानपणी ते तिच्यावर चढून बोरं खायचे. त्या माणसाचं नाव ते कधी घेत नसत. “आमचे सरदार” म्हणायचे, घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसे.

त्यांची गाडी म्हणजे एक लांबलचक तपकिरी स्टेशन वॅगन, गिअरची. त्या रात्री प्रत्येक सिग्नलला क्लच दाबताना त्यांच्या तोंडातून बारीक “स्स्” निघत होतं. डाव्या गुडघ्यानं दगा दिला होता.

“काका, ऑटोमॅटिक का नाही घेत?” मी विचारलं. मी आपणहून कुणाला विचारलेला तो बहुधा त्या महिन्यातला पहिलाच प्रश्न.

“ऑटोमॅटिक म्हणजे पालखी,” काका म्हणाले. “बसायचं आणि पोचायचं. त्यात स्वारी कुठं आली?” मग सिग्नल हिरवा होईपर्यंत माझ्याकडे बघून म्हणाले, “तू बारगीर आहेस, माहीत आहे का?”

मला तो शब्द माहीत नव्हता. आमच्या शाळेच्या इंग्रजी इतिहासात मराठ्यांना साडेचार पानं होती, त्यात हा नव्हता.

“बारगीर म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा नाही तो. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचं. सरकार म्हणेल तेव्हा चढायचं, सरकार म्हणेल तेव्हा उतरायचं. आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो. लढाई तीच, मैदान तेच. पण शिलेदार बोलायला उभा राहिला की लोक ऐकतात. आमचे सरदार चार हजार घोडा घेऊन उत्तरेत गेले, ते आधी बारगीर होते.”

आमचं घर आलं. मी उतरले, दार लावलं, आणि काय झालं मला माहीत नाही, पुन्हा उघडलं. म्हटलं, “काका, मला तीन आठवड्यांत गाडी शिकायचीय.” आणि नोकरीचं, फोनवरच्या त्या “येस”चं, सगळं सांगून टाकलं.

काकांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “परवा दसरा,” ते म्हणाले. “पावसाळा संपतो, नद्या उतरतात, दसऱ्याला फौज बाहेर पडते. मुहूर्त चांगला आहे. सकाळी साताला ये.”

दसऱ्याच्या सकाळी वॅगनच्या बॉनेटवर पिवळ्या शेवंतीची माळ होती. सुपरमार्केटमध्ये कुंडीत मिळते ती शेवंती, काकांनी स्वतः ओवलेली, दोरा जाड आणि गाठी इंजिनीअरच्या. टायरखाली लिंबं. काकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, मला आपट्याची म्हणून मेपलची पानं दिली, आणि आम्ही तंबाखूच्या वखारीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. मैदान फुटबॉलच्या ग्राउंडएवढं, डांबराला भेगा, भेगांत सुकलेल्या पानांचा चुरा. खिडकी खाली केली की तो गोड वास आत यायचा. “थेट निपाणी,” काका म्हणायचे आणि छाती भरून घ्यायचे.

त्यांनी मला एकदाही “ब्रेक!” म्हटलं नाही. म्हणायचे, “लगाम एवढा आवळू नकोस, घोडी बिचकते.” म्हणायचे, “नजर तिच्या कानांच्या पुढं. पायाखाली काय बघतेस, पाय तिला आहेत.” क्लच सोडताना गाडी गचके खाऊन बंद पडली की शांतपणे, “तिला विचारल्याशिवाय निघालीस. पुन्हा.” गचक्यांच्या मधल्या वेळात सरदार पुढं सरकायचे. मंगळवारी ते बारगीर होते आणि कुणाच्या तरी पागेत सरकारी घोड्याला खरारा करत होते. गुरुवारी त्यांच्याकडे भीमथडीची एक घोडी आली, ठेंगणी, रुंद छातीची, कशीही दरड चढणारी. शनिवारपर्यंत पथकात शंभर स्वार झाले. त्यांचं सैन्य जड सामान नेत नसे. शेताच्या कडेनं जाताना ज्वारीची कणसं मोडायची, तळहातावर मळायची, फुंकायची, घोडा न थांबवता खायची. काका पिशवीत फुटाणे आणायचे. मला गाडी चालवता चालवता खायला मात्र मनाई. “तू अजून त्या पथकात नाहीस.”

रिव्हर्सची मला सगळ्यात भीती. मान वळवली की हात उलटे फिरायचे. काका म्हणाले, “मागं येण्यात कमीपणा वाटतो का? आमच्या सरदारांची निम्मी कीर्ती मागं येण्यात आहे. पळतोय असं दाखवायचं, शत्रू रांग मोडून मागं लागला की घोडी फिरवायची. ज्याला मागं येता येत नाही त्यानं पुढं जाऊ नये.” त्या दिवशी मी वखारीच्या खांबांमधून वॅगन उलटी नेली, एकही खांब न पाडता. काकांनी मला फुटाणे दिले.

आणि थांबायची खूण आली की एकच मंत्र: “नदी आली. घोडी उभी कर. दोन्ही काठ बघ. मग पाण्यात पाय.”

आता सांगायला हसू येतं, पण पहिल्या परीक्षेत मी काय केलं ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. लायसन्स ऑफिसच्या मागं वॅगन उभी. परीक्षक एक अवाढव्य, मिशीवाले, सौम्य गृहस्थ, हातात पाटी आणि कागद. “चला,” म्हणाले. मी गाडीकडे गेले, दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, पदर सावरावा तसा कोट सावरला आणि वाट बघू लागले. ते बाहेरच उभे. मिनिटभर गेलं. मग त्यांनी वाकून काचेतून बघितलं आणि अतिशय अदबीनं म्हणाले, “मॅडम, आपल्या दोघांपैकी कुणीतरी चालवायला हवं.”

मी उजव्या सीटवर बसले होते. इथं चालवणारा डावीकडे बसतो; ही दोन वर्षं मी ज्या बाजूनं चढत आले होते ती बाजू. दहा दिवस वखारीच्या मैदानात शिकून, गाडीशी जाऊन, माझ्या हातांनी आपणहून राइडचंच दार उघडलं होतं. पुढचं सगळं धुरकट आहे. पहिलीच थांब-खूण मी बघितलीच नाही. नदीत सरळ घोडी घातली. नापास.

परत येताना गुडघ्याचं दुखणं गिळत काका चालवत होते. मी शेजारी. उजव्या सीटवर.

“आमचे सरदार,” काका सुरू झाले.

“काका, प्लीज,” मी म्हटलं.

“ऐक तर. पहिल्या मोठ्या मोहिमेत ते पूर आलेल्या नदीत पडले. सगळ्या फौजेसमोर. पागोटं वाहून गेलं.”

“हे कुठं लिहिलंय?”

काकांनी गिअर बदलला. मला त्यांचा राग आला नव्हता, माझाच आला होता, आणि तो कुठंतरी काढायचा होता. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या लायब्ररीत गेले. जुन्या कागदपत्रांच्या इंग्रजी भाषांतरांचे दोन जाड खंड होते. संध्याकाळपर्यंत शोधल्यावर सरदार सापडले. दीड ओळ. चार हजार घोड्यांनिशी ते अमुक छावणीत येऊन मिळाले, आणि त्यांना पालखीचा मान द्यावा. बस्स. ना पागा, ना भीमथडीची घोडी, ना नदी, ना पागोटं.

ती दीड ओळ वहीत उतरवून मी काकांकडे गेले. त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, तळहातानं कागद सपाट केला, जणू सरदारच टेबलावर आले होते.

“ते बारगीर होते असं कुठंच नाही, काका.”

“नाही,” काका म्हणाले. “पण मला सांग, घोडा घेऊन कोण जन्माला येतं?”

इतिहास माणसाला चार हजार घोडे मिळाल्यावर त्याच्याकडे बघतो. त्याआधी तो कुणाच्या पागेत कुणाच्या हुकमाची वाट बघत बसला होता, किती वेळा चुकीच्या बाजूनं चढला, हे लिहायला तिथं कुणी नव्हतं. काकांनी ती रिकामी जागा भरली, आणि भरताना बहुतेक स्वतःला थोडं आत घातलं: कोटाची बटणं लावून न्यूयॉर्कच्या विमानतळावर कुणाची तरी वाट बघणारा एक तरुण इंजिनीअर. ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही दोघंही त्या बाबतीत सारखेच.

दुसरी परीक्षा दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी. तेच गृहस्थ, तीच मिशी. मी गाडीच्या पुढून वळसा घालून गेले. जाताना बॉनेटवर तळहात टेकवला. लोखंड उन्हानं कोमट झालं होतं, थेट जिवंत जनावरासारखं. डाव्या बाजूला बसले. ते गृहस्थ उजवीकडे बसले आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, “आज बरं दिसतंय.” पहिली थांब-खूण. नदी आली. घोडी उभी. डावा काठ, उजवा काठ. पाण्यात पाय. अरुंद रस्त्यावर गाडी उलट फिरवायला सांगितली तेव्हा मी मागं आले, फिरले, पुढं निघाले, आणि एकदाही हात उलटे गेले नाहीत. त्यांनी कागदावर खुणा केल्या आणि विचारलं, “कुणी शिकवलं?”

मनात ‘आमच्या सरदारांनी’ असं आलं, ते सांगायला हवं होतं. पण मी मीच. म्हटलं, “एका शेजाऱ्यांनी.”

काका बाहेर बाकावर बसले होते. मी नुसती मान हलवली. ते उठले, गुडघा विसरून उठले, आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. वॅगनच्या मालकीचा कागद, त्यांनी सही केलेला.

“काका, हे नको. मी चालवीन, पण तुमचीच राहू दे.”

“म्हणजे बारगीरच राहायचं?” ते जवळजवळ ओरडले. बाकावरची माणसं बघायला लागली. “माझ्या गुडघ्याला आता ती झेपत नाही. घोडी उभी ठेवली की मरते. घे.” मग त्यांनी माझ्याच पेनानं कागदाच्या मागं घोडीच्या खुणा लिहिल्या, नोंद करावी तशा: रंग तपकिरी. डाव्या दारास पोचा. मागील उजवा दिवा तडकलेला. स्वभाव गरीब.

तो कागद अजून माझ्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये आहे. काका आता मुलाकडे ॲरिझोनात असतात. महिन्याला एक पत्र येतं. मी अजून मराठी अक्षरं बोट ठेवून वाचते, त्यामुळे ते मला दोन दिवस पुरतं. शेवटची ओळ ठरलेली: घोडी कशी आहे? मी कळवते. डाव्या दाराला आता दोन पोचे आहेत. स्वभाव तोच. रोज छत्तीस मैल जाते आणि दिवसातून दोनदा त्याच वखारीवरून जाते. खिडकी मी उघडी ठेवते. थंडी असली तरी.

पण मला सांगायची होती ती दिवाळीची संध्याकाळ. परीक्षेनंतरचा शनिवार, शाळेचं कॅफेटेरिया, कागदी कंदील, फराळाची ताटं. काकांना मी घेऊन गेले. ते उजव्या सीटवर, मांडीवर भाषणाचे कागद. अर्ध्या वाटेत म्हणाले, “पालखी बरी आहे.” एवढंच. आम्ही मागच्या बाजूला गाडी लावली, कुणी पाहिलं नाही. दादा-वहिनी परस्पर आले होते आणि पुढं दुसरीकडे जाणार होते; त्यांनाही मी पास झाल्याचं सांगितलं नव्हतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. हातात पहिल्यांदाच काहीतरी माझं होतं आणि ते मला माझ्या वेळेला दाखवायचं होतं.

नलूमावशींनी काकांना बजावलं, “पंधरा मिनिटं हं काका, मग जेवण.” काका पस्तीस मिनिटं बोलले. बारगीर, शिलेदार, पथक, चार हजार घोडा. लहान मुलं इंग्रजीत कुजबुजत होती, मागं कुणी चकल्यांची मोजदाद करत होतं. पण नदीत पागोटं वाहून गेलं तेव्हा मुलं हसली, आणि कणसं मळायला काकांनी हात वर केले तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी आपापले तळहात चोळले. शेवटी सरदार म्हातारे झाले. दरबारानं त्यांना पालखी दिली. “पालखी म्हणजे काय हो,” काका म्हणाले, “राइड!” सगळं कॅफेटेरिया हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, “ज्यानं स्वतःच्या घोडीवर आयुष्य काढलं, त्यालाच पालखीत सुखानं बसता येतं.” आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. चांगल्या वाजल्या.

मग जेवणं, मग आवराआवर, मग ठरल्याप्रमाणे दाराशी नलूमावशी, हातात चिठ्ठी, खांद्याला पर्स.

“समया माझ्या गाडीत. पातेली व्हॅनमध्ये. कंदील नीट घडी करा रे. गोखलेकाकू आणि त्यांच्या आई कुणाकडं? आणि ती परवा आलेली नवीन मुलगी? बरं, आणि केतकीला कुणाच्या...”

मी कोट घातला होता. बटणं लावली नव्हती. किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की दुसऱ्या दिवशीही तळहातावर तिचे दात होते. दादा माझ्याकडे वळला, वहिनी वळली, भिंतीला टेकून काका उभे होते ते मात्र छताकडे बघत राहिले. माझा आवाज त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी ऐकला नव्हता, बहुधा मीही नाही. तो अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“मावशी,” मी म्हटलं, “माझ्या गाडीत तीन जागा आहेत. कुणाला टाकायचं?”